गण तोच, गणपती निराळा: जलशानं गाण्याला चळवळीच्या कामाला कसं लावलं

तमाशाला बसलेल्या माणसाला पुढं काय येणार हे आधीच ठाऊक असतं. ढोलकी-हलगीची सलामी झडते, मग गण होतो आणि गणपतीला हात जोडले जातात. त्यानंतर गौळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, मावशी मधे पडते, हशा पिकतो. पुढं बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे रात्र सरेपर्यंत चालणारी एक सबंध गोष्ट.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातारा, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात काही मंडळी हाच खेळ घेऊन गावोगाव फिरू लागली. ढोलकी तीच, तुणतुणं तेच. गणही व्हायचा. पण गणपतीचं नाव घेऊन झालं की गाणारा विचारायचा, हा गणपती म्हणजे कोण? गण म्हणजे लोक आणि गणपती म्हणजे लोकांचा पुढारी, असा अर्थ तो लावून दाखवायचा. गौळणीतल्या थट्टेतून पोथीपुराणांवर प्रश्न यायचे. वगात राजा-राणीच्या जागी सावकार, भटजी, कर्जात बुडालेला शेतकरी आणि त्याला चार गोष्टी सुनावणारा शिकलेला पोरगा असायचा. हा सत्यशोधक जलसा.

'गाण्यातून समाजजागृती' हे शब्द आपण इतक्यांदा ऐकलेत की आता त्यांतून काही बोध होत नाही. गाणं माणसाला जागं करतं म्हणजे नेमकं काय करतं? अंगावर काटा आणतं, एवढं उत्तर पुरत नाही. काटा लग्नाच्या बँडनंही येतो. जलशाकडे नीट पाहिलं तर बरंच ठोस उत्तर सापडतं, कारण जलसेकारांनी गाण्याचा एकेक अवयव सुटा करून तपासला होता आणि ज्याला जे काम जमेल ते त्याला दिलं होतं.

वाचणारे किती होते?

आधी गरज कशी पडली ते पाहू. जोतीराव फुल्यांनी 1873 साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. बाबासाहेब आंबेडकरांनी 1920 साली 'मूकनायक' काढलं, 1927 साली 'बहिष्कृत भारत' आणि 1930 साली 'जनता'. म्हणजे छापील बाजू भक्कम होती. पण स्वतंत्र भारताच्या 1951 सालच्या पहिल्या जनगणनेतसुद्धा देशाची साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती आणि बायकांची 9 टक्क्यांच्याही खाली. त्याच्या वीस-तीस वर्षं आधी, गावकुसाबाहेरच्या वस्तीत, छापलेला अग्रलेख किती घरांत वाचला जात असेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

भाषणाची अडचण वेगळी. भाषण ऐकायला तोच येतो ज्याला ते ऐकायची आधीपासून इच्छा असते. जलशाला मात्र करमणुकीला म्हणून कुणीही येतो. ज्याला सोंगाड्या बघायचाय तोही येतो आणि ज्याला सत्यशोधकांचा राग आहे तोही कोपऱ्यात उभा राहून ऐकतो. आंबेडकरी चळवळीत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, की माझी दहा भाषणं आणि शाहिराचं एक गाणं बरोबरीचं, असं बाबासाहेब म्हणाले होते. चळवळीतल्या माणसांना त्यांच्या तोंडी हे वाक्य पटतं, यातच काय ते आलं.

ओळखीच्या जागी अनोळखी गोष्ट

ऐकणाऱ्याला नवा विचार नव्या रूपात दिला तर त्याच्यावर दोन ओझी पडतात. चाल समजून घ्यायची की शब्द? म्हणून जलसेकारांनी रूपाला हात लावला नाही. गण, गौळण, वग हा क्रम तसाच ठेवला आणि त्या क्रमात एखादीच वस्तू बदलली. प्रेक्षक आपल्या सवयीनं गणाच्या जागी पोचतो, तिथं त्याला नेहमीचा गणपती सापडत नाही, आणि तो चमकून ऐकायला लागतो. सगळंच बदललं असतं तर तो चमकला नसता, उठून गेला असता.

ही युक्ती फुल्यांनी जलशांच्या कितीतरी आधी वापरली होती. 1869 साली त्यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा रचला. पवाडा हा वीरांच्या आणि राजांच्या पराक्रमाचा गीतप्रकार, तो ऐकायला मराठी माणूस कुठंही थांबणार. आणि त्यात महाराजांना विशेषण लावलं 'कुळवाडी-भूषण'. कुळवाडी म्हणजे जमीन कसणारा कुणबी. तोवर 'गोब्राह्मणप्रतिपालक' ही ओळख रुळलेली होती. एका शब्दानं राजा कुणाचा, हा प्रश्न उभा केला. त्यावर ग्रंथ लिहिता आला असता, पण ग्रंथ डफावर म्हणता येत नाही.

लग्नाचंही तसंच. 1887 साली फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीच्या पूजाविधीची पुस्तिका काढली, तिच्यात मंगलाष्टकं आहेत. अंतरपाट, अक्षता, सगळे उभे, आणि मंगलाष्टकाच्या जागी मंगलाष्टकच. फक्त इथं ती भटजी म्हणत नाही, वधू-वर एकमेकांशी बोलतात. वधू बायकांच्या हक्कांचा विषय काढते आणि वराकडून वचन मागते. मला हा सगळ्यात धारदार नमुना वाटतो. एरवी मंगलाष्टकांत नवरीला तोंड उघडायची सोय नसते. इथं ती अख्ख्या मांडवासमोर अट घालते आणि मांडव अक्षता टाकून त्या अटीला साक्षी राहतो.

पुढं आंबेडकरी लोकशाहीर वामनदादा कर्डकांनी हेच सिनेमाच्या चालींबाबत केलं. दादांचा जन्म 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. तरुणपणापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं, वाचता आलं नाही, ते मनाला लागलं आणि मग ते लिहायला-वाचायला शिकले. 1943 साली पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. शुद्ध संगीताची आवड असणारे या प्रकाराला नाक मुरडतात. पण हिशेब साधा आहे: चाल लोकांच्या ओठांवर आधीच बसलेली, ती बसवायला सिनेमावाल्यांनी पैसा ओतलेला. आपण फक्त शब्द बदलायचे.

झील धरणं म्हणजे काय

शाहीर एकटा गात नाही. मागं झीलकरी असतात. शाहीर कडवं म्हणतो, ओळीचं शेवटचं टोक झीलकरी उचलतात, 'जी जी रं जी' करून वर नेतात, आणि शाहिराला तेवढा दम घ्यायला मिळतो. दिसायला ही दम घेण्याची सोय. पण चळवळीला सगळ्यात जास्त उपयोग याच जागेचा झाला.

पहिल्यांदा झील झीलकरी धरतात. दुसऱ्या कडव्याला पुढं बसलेली पोरं ओठ हलवायला लागतात. चौथ्या-पाचव्याला ध्रुवपद सगळी बैठक म्हणते. आता त्या ध्रुवपदात काय आहे त्याचा विचार करा. ज्या गावात पाटलासमोर वाकून 'जोहार' घालायची रीत होती, तिथं 'जय भीम' हे दोन शब्द एकट्यानं, दिवसाउजेडी, चावडीसमोर म्हणणं सोपं नव्हतं. ते आधी रात्री दोनशे माणसांत, ढोलकीच्या ठेक्यावर, गाण्याचा भाग म्हणून तोंडातून निघतात. म्हणणाऱ्यानं काही मोठं धाडस केलेलं नसतं, त्यानं फक्त झील धरलेली असते. पण जिभेला ते शब्द माहीत होतात. सकाळी ते पुन्हा म्हणायचे की नाही हा त्याचा प्रश्न, निदान पहिल्यांदा म्हणण्याची भीती मागं पडलेली असते.

आणि श्वासही लक्षात घ्यायला हवा. एकत्र गायचं तर एकत्र श्वास घ्यावा लागतो. शेजारचा माणूस कुठं थांबतो ते ऐकावं लागतं. घोषणा मागून घसा ताणूनही देता येते, गाणं तसं येत नाही.

विरोधकाला रंगमंचावर बोलवा

तमाशा-शाहिरीत कलगी आणि तुरा अशी दोन घराणी. एक शक्तीला मोठं मानणारं, दुसरं शिवाला. समोरासमोर बसून सवाल-जवाब करायचे: एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं त्याच छंदात उत्तर द्यायचं, उत्तर न आलं तर हार. म्हणजे वादविवादाची पद्धत गाण्याच्या पोटात आधीपासूनच तयार होती. जलसेकारांना ती शोधावी लागली नाही.

1930च्या सुमारास नाशिक भागात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा सुरू केला आणि पुढं अशा जलशांची संख्या वाढत गेली. महाडचं चवदार तळं 1927 सालचं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 सालचा, पुणे करार 1932 सालचा. विषयांना तोटा नव्हता. पण जलशांचा रोख बाहेरच्यांवर होता तितकाच आतल्यांवरही होता. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, वतनाच्या तुकड्यापायी करावी लागणारी गावकीची कामं सोडा, पोरांना शाळेत घाला. हे ऐकणाऱ्याला झोंबणारं होतं. वतन सोडलं तर खायचं काय, हा प्रश्न खोटा नव्हताच.

म्हणून तो प्रश्न दडपायचा नाही, उलट एका पात्राच्या तोंडी द्यायचा. बहुधा सोंगाड्याच्या किंवा घरातल्या म्हाताऱ्याच्या. बापजाद्यापासून चालत आलंय, आत्ताच काय बिघडलं? शाळेत जाऊन पोरगं काय कलेक्टर होणार? प्रेक्षक हसतो, कारण काल रात्री तोही हेच बोललेला असतो. आपली शंका दुसऱ्याच्या तोंडून, तीही विनोदी थाटात ऐकली की माणूस तिच्यापासून हातभर लांब उभा राहतो आणि मग समोरच्या पात्राचं उत्तर ऐकून घेतो. तीच शंका घेऊन तो व्याख्यानाला बसला असता तर कदाचित तोंड न उघडता घरी गेला असता, शंका जशीच्या तशी.

मैनेपासून सीमाप्रश्नापर्यंत

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंनी वगाच्या आरंभी गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केलं, म्हणजे गणाची जागा पुन्हा एकदा ठेवली आणि त्यातलं दैवत बदललं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड समजून घेतली तर गाण्यात वळण कसं घ्यायचं ते कळतं. छक्कड हा लावणीच्याच कुळातला प्रकार. सुरुवात अगदी घरगुती: पोटासाठी मुंबईला आलेला नवरा, गावाकडे राहिलेली बायको, तिच्या रूपाची आठवण, गरिबीनं केलेली ताटातूट. गिरणगावात खोलीत दहा-दहा माणसं राहायची आणि त्यातल्या बहुतेकांची मैना खरोखरच गावावर होती. म्हणजे पहिल्या कडव्यातच ऐकणारा गाण्याच्या आत शिरलेला असतो. मग गाणं मुंबईतली श्रीमंती आणि दारिद्र्य दाखवत पुढं सरकतं, लढ्यापर्यंत येतं, आणि शेवटाकडे कळतं की बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही महाराष्ट्राबाहेर राहिलेली मुलूखभर माणसं हीसुद्धा एक मैनाच आहे. राज्य पुनर्रचनेचा नकाशा विरहाच्या भाषेत समजतो. आधी नकाशा दाखवून मग विरह सांगितला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

वामनदादांचं एक गाणं याच्या उलट रस्त्यानं जातं. त्यात रूपक नाही, थेट हिशेब आहे. बिर्ला, बाटा, टाटा ही नावं घ्यायची, धनाचा साठा कुठं आहे ते विचारायचं आणि त्याच यमकात पुढं विचारायचं की आमचा वाटा कुठाय. टाटा-साठा-वाटा. यमकाचं काम इथं शोभेचं नाही. कान पुढचा 'टा' ऐकायला टपलेला असतो आणि तिथं 'वाटा' हा शब्द येऊन बसतो. संपत्तीच्या वाटपावरचा अख्खा तंटा चार शब्दांत लक्षात राहतो, आणि ज्यानं ऐकला तो दुसऱ्या दिवशी कामावर गुणगुणतो.

जिथं गाणं तोकडं पडतं

गाणं पुरावा देऊ शकत नाही. आकडेवारी, कलम, कोर्टाचा निकाल, यातलं काही डफावर टिकत नाही. गाणं प्रश्न विचारायला लावतं, उत्तराचं कागदी काम दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. जलशाबरोबर 'जनता'ही निघत होतं ते त्यासाठीच.

दुसरी गोष्ट, जी जलशाचं कौतुक करताना सहसा सांगितली जात नाही. जलशातून बाई काढून टाकली होती. तमाशात नाचणाऱ्या बायका बहुतेक कोल्हाटी, महार, मांग जातींतल्या, आणि त्या नाचाला शोषण चिकटलेलं. चळवळीनं ते नाकारलं, योग्यच केलं. पण त्याचा परिणाम असा झाला की बायकांच्या भूमिका पुरुषच करू लागले आणि बाईला मंच मिळायचा तो मिळालाच नाही. नाच गेला, त्याबरोबर तिचा आवाजही गेला. वर लिहिलेल्या सगळ्या नावांकडे बघा, एकही बाई नाही.

सरकारचा हात तर कायमच होता. इंग्रजांनी 1876 सालीच नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा केला होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, ती उठली ती संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. तमाशाला 'लोकनाट्य' म्हणायची रीत याच काळात पडली. बंदीचा एक अर्थ असाही होतो की गाणं कामाचं आहे हे सरकारला पटलंय.

पण गाण्याला बंदीपेक्षा जास्त इजा जयजयकारानं होते, असं माझं मत आहे. सत्यशोधक आणि सुरुवातीच्या आंबेडकरी जलशात सवाल होते, भांडण होतं, घरातल्या म्हाताऱ्याची शंका होती. पुढं बरीचशी गाणी नुसती वंदना होत गेली: महापुरुषाचं नाव, त्याच्या उपकारांची यादी, पुन्हा नाव. वंदनेला आपली जागा आहे, गणालाही होतीच. पण गणावर खेळ संपवला तर वग कधी करायचा? वामनदादांनी आपल्याच चळवळीतल्या संधिसाधूंनाही सोडलं नाही, म्हणून त्यांची गाणी आजही बोचतात.

कॅसेट आल्यावर ही गाणी घराघरांत पोचली, हा फायदा मोठा. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, त्यांच्या पुढच्या पिढ्या, यांचे आवाज अशा वस्त्यांत गेले जिथं कुठला जलसा पोचला नसता. पण टेपरेकॉर्डरसमोर झील कोण धरणार? ऐकणारा म्हणणारा राहिला नाही. आता मोबाइलवर तर कानात बोंडं घालून एकेकटा ऐकतो. जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेला आपण सगळेच नावं ठेवतो, मीही ठेवतो, शब्द ऐकू येत नाहीत म्हणून. तरी एवढं मान्य करावं लागतं की ज्या रस्त्यानं आजोबांना ताठ मानेनं चालता येत नव्हतं त्या रस्त्यावर नातू भिंती हादरतील एवढा आवाज करतो, तेव्हा गाण्याचे शब्द बुडाले तरी एक म्हणणं पोचतंच. शेजारच्या आजारी माणसाचं काय, हा सवालही तितकाच खरा, आणि त्याचा जवाब माझ्याकडे नाही.

मोबाइलनं एक मात्र केलं. कडूबाई खरातांसारखी बाई एकतारी घेऊन बसते आणि लाखो लोक तिला ऐकतात. मधे कुठला फड नाही, मंडळ नाही, तिला मंच द्यायचा की नाही ते ठरवणारा पुरुष नाही.

अर्थात बायका त्याआधी गप्प होत्या असं मुळीच नाही. पहाटे जात्यावर बसून त्या गात होत्या, फक्त समोर प्रेक्षक नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावांतून अशा लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्यांत नवऱ्याच्या माराची तक्रार आहे, माहेराची ओढ आहे, जातीचा जाच आहे. जात्यावर ओवी सुरू करायची एक रीत आहे: 'पहिली माझी ओवी' म्हणायचं आणि ती कुठल्यातरी देवाला वाहायची, मग दुसरी, मग तिसरी. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या या संग्रहात आहेत. ओव्या मोजायची रीत त्यांनी तशीच ठेवलेली आहे. वाहिल्या आहेत त्या मात्र भीमरायाला.